नसलेला अंगठा ठणकतो तेव्हा काय करायचं

गुडघ्याखालून पाय काढून मला चार वर्षं झाली, तरी रात्री मधेच अंगठा ठणकतो, म्हणजे जो अंगठा नाहीच तो. आईनं तर मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. पण हे वेड नाही बरं का, मेंदूत त्या पायाचा नकाशा तसाच असतो आन कापलेल्या नसा काहीबाही निरोप पाठवत राहतात, यालाच फॅन्टम पेन म्हणतात.

मला आरशानं फरक पडला. लांब आरसा दोन पायांच्या मधे उभा धरायचा, स्टंप, म्हणजे कापून उरलेला पाय, आरशामागं लपवायचा, चांगला पाय आरशात बघायचा की दोन्ही पाय दिसतात. मग घोटा हळू फिरवा, बोटं मिटा-उघडा, आन मनात नसलेल्या पायानंबी तेच करा. रोज १५ मिनिटं. मेंदूशास्त्रज्ञ डॉ. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात काढलेली युक्ती आहे, सगळ्यांनाच लागू पडते असं नाही, पण माझी आकडलेली बोटं तिसऱ्या आठवड्यात सुटल्यासारखी वाटली. जखम भरल्यावर स्टंपवर आधी मऊ धोतराचं कापड, मग नॅपकिन, मग आपला सोलापुरी टर्किश टॉवेल असं चढत्या क्रमानं घासा, त्वचेचा हुळहुळेपणा कमी होतो.

आता खोटा पाय. स्टंप दिवसभरात आटतो, सकाळी फिट बसलेलं सॉकेट, म्हणजे स्टंप बसतो ती खोट्या पायाची वाटी, दुपारी ढिलं होतं आन हाडावर टेकतं, तेव्हा स्टंपवर एक मोजा वाढवायचा. मी सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत आळस केला, तसाच फिरलो, फोड आला आन दहा दिवस पाय घालता आला नाही! एप्रिल-मेत तर घामानं लायनर, म्हणजे स्टंपवर चढवायचं मऊ आवरण, सटकतो, सावली बघून बसा, काढा, पुसा, परत घाला. लायनर रोज रात्री साबणानं धुवा. खोटा पाय काढल्यावर स्टंपवरचा लाल डाग दहा-पंधरा मिनिटांत गेला नाही तर सॉकेटवाल्याला दाखवा. शुगर असेल तर स्टंपची मागची बाजू छोट्या आरशात रोज बघाच.

दुखणं एकदम वाढलं तर डॉक्टर गाठा, नसांच्या गोळ्या मेडिकलमधून आपल्या मनानं घेऊ नका, मनानं बंदबी करू नका.

आन कुबडी उशाशीच ठेवा. झोपेत पाय आहे असंच वाटतं, बाथरूमला उठताना मी दोनदा सरळ फरशीवर आलोय.