मिझुरीचं यादवी युद्ध वाचताना या चुका टाळा

अमेरिकन यादवी युद्धातली 'सीमावर्ती राज्यं' म्हटलं की पहिली फसगत त्या शब्दानंच होते. ही परदेशाच्या हद्दीवरची राज्यं नव्हेत. मिझुरी, केंटकी, मेरीलँड आणि डेलावेअरमध्ये गुलामगिरी होती, तरी ती युनियनमधून, म्हणजे उत्तरेच्या बाजूच्या संघराज्यातून, फुटली नाहीत.

सगळ्यात मोठी चूक मिझुरीत होते. मिलिशियाच्या, म्हणजे स्थानिक नागरिकांच्या सशस्त्र दलाच्या, यादीत नाव सापडलं की तो माणूस युनियननिष्ठ, असं धरून चालू नका. जुलै १८६२ मध्ये युनियनचे जनरल स्कोफिल्ड यांनी हत्यार धरू शकणाऱ्या पुरुषांना मिलिशियात नोंदणीची सक्ती केली. दक्षिणेकडे ओढा असलेल्यांनी तसं नोंदवून शस्त्रं जमा करायची होती. ते नको म्हणून कित्येक जण रानात बुशव्हॅकरांना, म्हणजे दक्षिणेच्या बाजूच्या गनिमी टोळ्यांना, जाऊन मिळाले. म्हणजे नोंद कधीची, कुठल्या दलाची, आपखुशीची की सक्तीची, हे आधी बघा.

नावंही चकवतात. 'स्टेट गार्ड' दक्षिणेच्या बाजूचं, 'स्टेट मिलिशिया' युनियनचं. एकच माणूस दोन्हीकडे दिसला तर लगेच नामसाधर्म्य समजू नका, तारखा लावून पाहा. मिझुरीचे माजी गव्हर्नर स्टर्लिंग प्राइस मार्च १८६१ मध्ये युनियनमधून फुटायला नकार देणाऱ्या राज्याच्या अधिवेशनाचे अध्यक्ष होते. मे महिन्यात सेंट लुईसमध्ये कॅम्प जॅक्सनचं प्रकरण घडलं, म्हणजे युनियनच्या सैन्यानं राज्याच्या मिलिशियाची छावणी पकडली आणि जमावावर गोळीबार झाला, आणि त्यांनी स्टेट गार्डचं नेतृत्व घेतलं.

'पोपॉ मिलिशिया' तर मला या सगळ्यात फार बोलकी वाटते. पोपॉ हे सीताफळाच्या कुळातलं फळ, बंडखोर त्याच्या झुडपांत लपत. १८६३ मध्ये क्ले आणि प्लॅट काउंटींत दक्षिणेचे पूर्वीचे पाठीराखेच युनियनच्या मिलिशियात घेतले गेले, कारण शेजारच्या कॅन्सस राज्यातून येणाऱ्या लुटारूंपासून गावं राखायची होती. जुलै १८६४ मध्ये प्लॅट सिटीत त्यांतले बरेच जण उघडपणे दक्षिणेच्या बाजूला गेले. त्यांना नुसतं गद्दार म्हणून सोडून देऊ नका. आपलं गाव वाचवणं हीच अनेकांची पहिली निष्ठा होती.

ऑगस्ट १८६३ च्या युनियन लष्कराच्या हुकूम क्रमांक ११ नं जॅक्सन, कॅस, बेट्स आणि उत्तर व्हर्नन काउंटींतले लोक पंधरा दिवसांत हलवले. ते सगळे बंडखोर होते असं मानू नका. निष्ठा सिद्ध केलेल्यांनाही, ठरावीक ठाण्यांजवळचे सोडले तर, घर सोडावं लागलं.

आणि काउंटीच्या निष्ठा मोजताना गुलामांना वगळू नका. १८६० च्या जनगणनेत ते मिझुरीत १,१४,९३१ होते. अनेक जण कॅन्ससला पळाले, सैन्यात शिरले, आणि ऑक्टोबर १८६२ मध्ये त्याच बेट्स काउंटीत, आयलंड माउंडला, बंडखोरांशी लढले.