जळगावात कॉलेजच्या पोरांसाठी फ्लॅट, प्लॉट घेताना आधी काय बघायचं

आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) पंधरा दिवस आधीपासून जळगावात हायवेला प्लॉटचे बॅनर लागायला लागतात. विद्यापीठापासून ५ मिनिटं, बायपासला लागून, इसार द्या आणि आजच बुक करा. ५ मिनिटं कशाने ते लिहिलेलं नसतं, बहुतेक विमानाने. आणि मग कोणत्या तरी मामाचा नाहीतर साडूचा फोन येतो, "भो, पोरांना भाड्याने द्यायला एखादा फ्लॅट बघ ना, कॉलेजचं गाव आहे, रिकामा थोडीच राहणार". रिकामा राहतो, मी भोगलंय म्हणून सांगतोय. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून कंटाळलो म्हणून एकदाच लिहून टाकतो.

सगळ्यात आधी, बॅनरवाला विद्यार्थ्यांचा जो आकडा सांगेल तो सोडून द्या. आपलं विद्यापीठ १९९० साली झालं, जळगाव, धुळे, नंदुरबार असे तीन जिल्हे त्याच्याखाली येतात, म्हणजे त्या आकड्यात अमळनेर, शिरपूर, चोपडा, शहादा सगळीकडची पोरं असतात, ती तुमच्या पिंप्राळ्याच्या फ्लॅटमध्ये कशाला येतील? आणि जी जळगावात शिकतात त्यातली अर्धी-अधिक अपडाऊनवाली. भुसावळची पोरं सकाळच्या गाडीने येतात, पास काढलेला असतो, जामनेर, एरंडोल, धरणगावची एसटीने. संध्याकाळी घरी जाऊन आईच्या हातची कळण्याची भाकरी मिळत असताना रूमचं भाडं कोण भरेल? विद्यापीठाच्या आवारात होस्टेल आहे ते वेगळंच.

मग राहतं कोण? इंजिनीअरिंगची पोरं, मेडिकल-नर्सिंगवाले (सरकारी मेडिकल कॉलेज २०१८ ला सुरू झालं तेव्हापासून सिव्हिलच्या बाजूला रूमची मागणी वाढलेली दिसते), फार्मसीवाले, आणि अभ्यासिकेत बसून पोलीस भरती नाहीतर एमपीएससी करणारे. शेवटचे सगळ्यात टिकाऊ भाडेकरू बरं का, कारण त्यांना उन्हाळ्याची सुट्टीच नसते.

हे मोजायचं कसं तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये रात्री ९ ला त्या कॉलनीत चक्कर मारा. घरासमोर बाहेरगावच्या पोरांच्या बाईका किती उभ्या आहेत, झेरॉक्सचं दुकान चालतंय का, मेस आहे का. मेसवाल्या मावशींना विचारा की डबे किती जातात आणि मे महिन्यात किती उरतात. एजंट कधी खरं सांगणार नाही पण मावशी सांगतात, वरून भरीत पण खायला घालतात. मग तीच चक्कर मे महिन्यात परत मारा, दुपारी नको, ४५ डिग्रीत घर नाही स्वतःलाच बघावं लागेल.

आता हिशोब. आपल्याकडे पोरांना रूम कॉट बेसिसवर देतात, म्हणजे भाडं खोलीचं नाही तर एकेका कॉटचं, आणि सगळे कॉट गुणिले १२ महिने करतात, तिथेच फसतात. १० महिनेच धरा. समजा २ बीएचके ३२ लाखाला पडला (हे आकडे फक्त समजायला आहेत, तुमच्या एरियाचे तुम्ही टाका). स्टॅम्प ड्युटी ६ टक्के धरून १ लाख ९२ हजार, नोंदणी फी १ टक्का पण जास्तीत जास्त ३० हजार, कॉट-पंखे-कूलर ८० हजार, झाले ३५ लाख. चार पोरं, प्रत्येकी २८०० रुपये, १० महिन्यांचे १ लाख १२ हजार. त्यातून सोसायटीचा मेन्टेनन्स १२ हजार, घरपट्टी-पाणीपट्टी ८ हजार, आणि पोरं गेल्यावर रंग, नळ, बेसिन, तुटलेला दरवाजा (दरवाजा तुटतोच, का ते विचारू नका) १० हजार. हातात उरले ८२ हजार. ३५ लाखावर हे अडीच टक्के पण होत नाहीत, यापेक्षा जास्त तर बँक एफडीवर देते. आणि २५ लाखाचं लोन साडेआठ टक्क्याने २० वर्षांसाठी काढलं तर हप्ता पावणे बावीस हजाराच्या आसपास जातो, म्हणजे भाड्यातून हप्ता निघेल हे डोक्यातून काढून टाका. भाडं म्हणजे वरची साखर, खरा पैसा जागेचा भाव वाढला तरच, आणि तो वाढायला ५-७ वर्षं थांबायची तयारी पाहिजे. घर एकट्या बायकोच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सवलत आहे, तेवढं मात्र विसरू नका, ३२ लाखावर ३२ हजार होतात.

मला विचाराल तर नव्या टॉवरमधल्या फ्लॅटपेक्षा जुन्या कॉलनीतलं दोन मजली घर बरं, खाली फॅमिली आणि वर पोरं. फॅमिलीचं भाडं बारा महिने येतं आणि वरच्या पोरांवर आपोआप लक्ष राहतं. पण जिना बाहेरून पाहिजे, नाहीतर खालची वहिनी सहा महिन्यात घर सोडते.

प्लॉट घ्यायचा असेल तर कागद, आणि इथे जरा सावकाश वाचा कारण माझं इथेच बुडालं. आम्ही चार मित्र, चौघंही शेतकरी खातेदार, शहराबाहेर एका शिवारात मिळून शेताचा तुकडा घेतला. एजंट म्हणे एनए (शेतजमीन बिनशेती करणं) प्रोसेसमध्ये आहे, चुन्याने चार प्लॉट पण आखून दिले. आज पण एकाच सातबाऱ्यावर चौघांची नावं आहेत, एनए झालंच नाही, तुकडेबंदीमुळे (शेताचे फार लहान तुकडे पाडायला कायद्याने बंदी) प्रत्येकाचा वेगळा पोटहिस्सा पडेना, एकाला पोरीच्या लग्नासाठी विकायचं होतं तर बाकी तिघांच्या सह्या पाहिजेत आणि त्यातला एक सुरतला. चुना पहिल्याच पावसात वाहून गेला.

म्हणून सातबारा ऑनलाइन स्वतः काढा, डिजिटल सहीचा १५ रुपयात मिळतो, एजंटने व्हॉट्सअपवर पाठवलेल्या फोटोवर जाऊ नका. त्यात पीकपाहणीत अजून कापूस नाहीतर केळी दिसत असेल आणि समोरचा एनए म्हणत असेल तर बिनशेतीचा आदेश हातात मागा, आणि त्यासोबत मंजूर ले-आऊटचा नकाशा. तुमचा प्लॉट नंबर त्या नकाशात आहे का, का तो ओपन स्पेसमध्ये नाहीतर रस्त्यात येतोय ते बघा. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात गावच्या विकास सोसायटीचं कर्ज, बँकेचा बोजा, बहिणींची नावं असतात. बहिणींचं हक्कसोड झालेलं नसेल तर सौदा थांबवा, भाऊ कितीही गोड बोलला तरी. भोगवटादार वर्ग २ (म्हणजे विकायला सरकारी बंधन असलेली जमीन) लिहिलं असेल तर सरकारी परवानगीशिवाय व्यवहार होत नाही, आणि चोपडा-यावलच्या सातपुड्याकडच्या पट्ट्यात किंवा नंदुरबारकडे आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर त्या वाटेला जाऊच नका. गावातलं घर असेल तर सातबाऱ्याच्या जागी सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड बघायचं.

५०० चौरस मीटरपेक्षा मोठा ले-आऊट असेल तर महारेरा (बिल्डरांच्या प्रकल्पांवर नजर ठेवणारं सरकारी प्राधिकरण) नोंदणी लागते, आणि ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड टाकणं सक्तीचं आहे. बॅनरवर कोड नसेल तर गाडी तिथूनच वळवा. असेल तर स्कॅन करून बघा, पझेशनची तारीख आणि कोर्टातली भांडणं तिथे दिसतात. मग वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट (जागा कोणाकोणाची होती, बोजा आहे का याची तपासणी), आणि वकील आपला स्वतःचा, बिल्डरने दिलेला नको. इसार दिला की त्याची पावती करा आणि पैसे चेकने किंवा खात्यातून द्या, जमिनीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्यावर रोख घेणाराच अडचणीत येतो, त्यामुळे "थोडं ब्लॅक चालेल" म्हणणाऱ्याला हे सांगून बघा, लगेच विषय बदलतो.

आपल्याकडची अजून एक गोष्ट जी पुण्याकडचे व्हिडिओ बघून कळणार नाही ती म्हणजे काळी माती. केळीच्या, कापसाच्या शेतात पडलेले ले-आऊट आहेत हे, ती माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, वर बांधलेल्या भिंतीला तिरप्या चिरा जातात. प्लॉट घेताना शेजारी कुणाचं घर चालू असेल तर गवंड्याला विचारा मुरूम किती फुटावर लागला, कारण पाया तिथपर्यंत न्यावा लागतो आणि तो खर्च प्लॉटच्या भावात कोणी सांगत नाही. तयार घर असेल तर खिडक्यांच्या कोपऱ्यात चिरा बघा, नवीन रंग दिलेला असेल तर जास्तच बघा. पश्चिमेच्या भिंतीची रूम आणि वर स्लॅब असं असेल तर मे महिन्यात तिथे कोणी राहत नाही. पाण्याचं म्हणजे नळ किती दिवसाआड येतो आणि बोअरला एप्रिलमध्ये पाणी असतं का, हे दोन प्रश्न शेजाऱ्याला, मालकाला नाही.

भाड्याने देताना ११ महिन्यांचा करार नोंदणी करूनच करा, ऑनलाइन होतो, घरी बसून अंगठा घेतात. साध्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून भागत नाही, महाराष्ट्रात भाडेकरार नोंदवणं कायद्याने मालकाचीच जबाबदारी आहे. पोलीस स्टेशनला भाडेकरूची माहिती द्या, आधारची झेरॉक्स ठेवा आणि पोराचा नाही तर बापाचा नंबर घ्या. डिपॉझिट दोन महिन्यांचं. लाईट बिलाला सब-मीटर लावा, नाहीतर कूलर २४ तास चालतो. आणि करार जूनमध्ये सुरू करा म्हणजे पुढच्या मे मध्ये संपतो, रंगरंगोटी त्याच महिन्यात उरकून घ्या, नवीन पोरं जूनच्या शेवटी गाद्या घेऊन दारात उभी राहतात तेव्हा नळ गळत असला तर ती समोरच्या घरात जातात.