कोडातला कडता: पूर्णांकी हिशोबात या चुका टाळा

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानासाठी मी वजनकाट्याचा कोड लिहिला होता. पहिल्याच दिवशी तोलारमामांनी हळदीची पट्टी (हिशोबाची पावती) हातात घेतली, पाठीमागे पेनाने गुणाकार मांडला आणि म्हणाले, "काय ओ साहेब, तुमचं मशीनबी कडता कापतंय व्हय?" कडता म्हणजे तोललेल्या वजनातून घट म्हणून कापला जाणारा माल.

पोतं ४८ किलो ६५० ग्रॅमचं, दर क्विंटलला १४,२७५. पट्टीवर आले ६,८५२ रुपये. यायला हवे होते ६,९४४ रुपये ७९ पैसे.

छोट्या चिपवर फ्लोट (दशांशातली संख्या) जड पडतो, म्हणून वजन ग्रॅममध्ये आणि रक्कम पैशात धरली होती. क्विंटलला जितके रुपये, किलोला तितकेच पैसे, म्हणून सूत्र सोपं: ग्रॅम गुणिले दर, भागिले १,०००. मी आधी भागाकार केला. ४८,६५० / १,००० म्हणजे ४८, आणि वरचे ६५० ग्रॅम 'सी' भाषेने निमूट सांडून टाकले. आधी गुणा, मग भागा.

हे दुरुस्त केलं आणि दुसऱ्या खड्ड्यात पडलो. ३२ बिटांच्या साइन्ड इंटिजरमध्ये (उणे-अधिक दोन्ही धरणाऱ्या पूर्णांकात) २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच मावतं. या दराने १५० किलो ४३६ ग्रॅमपर्यंत सगळं ठीक. आणखी एक ग्रॅम चढला की ओव्हरफ्लो, म्हणजे आकडा डब्यात मावत नाही. एकेक पोतं तोलून टेस्टिंग केलं तर हे कधीच सापडत नाही. चार पोती एकदम चढली की रक्कम उणे दिसायला लागते. उत्तर ६४ बिटांत घेतलं की भागलं, असं मलाही वाटलं होतं. पण गुणाकार ३२ बिटांतच उरकतो आणि नासलेलं उत्तर मोठ्या डब्यात जातं. गुणण्याआधी दोघांपैकी एका संख्येला ६४ बिटांत कास्ट करा, म्हणजे तिचा प्रकार बदला. आर्डुइनो उनो या छोट्या बोर्डाच्या ८ बिटांच्या चिपवाल्या आवृत्त्यांवर (R3 पर्यंत) तर साधा इंट १६ बिटांचा, ३२,७६७ ला संपणारा. ३३ किलोंचे ३३,००० ग्रॅम लिहिले की तिथंच गाडी अडली.

मग राउंडिंग. वरच्या हिशोबात ६,९४,४७८.७५ पैसे येतात आणि भागाकार तो .७५ छाटतो. भागण्याआधी भाजकाचा अर्धा, म्हणजे ५००, मिळवा. पैशाच्या तुकड्याला कोण विचारतो, असं म्हणू नका. व्हँकुव्हर शेअर बाजाराचा निर्देशांक १९८२ मध्ये १,००० पासून सुरू झाला. प्रत्येक बदलानंतर तिसऱ्या दशांशापुढचं छाटत गेल्यामुळे नोव्हेंबर १९८३ पर्यंत तो ५२४ च्या आसपास घसरला. नव्याने मोजला तेव्हा १,०९८.८९२ भरला. आपल्याकडे दर पोत्याचं वजन १०० ग्रॅमवर छाटलं तर ४० पोत्यांत साधारण २ किलो जातात, म्हणजे या दराने २८५ रुपये. बेरीज ग्रॅममध्येच ठेवा, राउंडिंग शेवटी एकदाच.

अर्धा मिळवण्याची युक्ती उणे आकड्यावर मात्र फसते. −७ ग्रॅम १० च्या पटीत आणायचे तर (−७ + ५) / १० चं उत्तर ०, हवं होतं −१. उणे असेल तर अर्धा वजा करा. आणि बारदानाचं टेअर (रिकाम्या पोत्याचं वजन) वजा करताना ३२ बिटांचा अनसाइन्ड (उणे न धरणारा) इंटिजर वापरलात, तर रिकाम्या काट्यावर ६ ग्रॅम कमी भरले की डिस्प्लेवर ४,२९,४९,६७,२९० येतील. हमाल तर फोटोच काढतील.

सगळ्यात छळलं ते फिल्टरनं. आकडा हलू नये म्हणून नव्या-जुन्या वाचनातला फरक तीन बिट उजवीकडे सरकवून (कोडात >> ३, म्हणजे आठाने भागून) जुन्यात मिळवत होतो. फरक ७ असेल तर ७ >> ३ म्हणजे ०. वाचन तिथंच रुतून बसतं. पण −१ >> ३ बहुतेक कंपायलरवर −१ च येतो, म्हणून उतरताना काटा नेमका जागेवर पोचतो. पोतं ठेवलं की सात काउंटपर्यंत (काउंट म्हणजे वाचनातला एक अंक) कमी, उचललं की बरोबर. तूट कायम शेतकऱ्याच्याच बाजूला!

उपाय असा: बेरीज आठपट मोठीच साठवा. दर वाचनाला तिच्यातून तिचाच आठवा भाग (>> ३) काढा, नवं वाचन घाला. दाखवताना पुन्हा >> ३. इथे अर्धा मिळवू नका, नाहीतर वरून उतरताना एक काउंट जास्त राहतो.

तपासायला दोन वजनं पुरतात. २० किलो ठेवून आकडा लिहा; मग ४० किलो ठेवून त्यातले २० काढा आणि पुन्हा लिहा. दोन्ही आकडे जुळले नाहीत, तर लोडसेल (वजन ओळखणारा सेन्सर) बदलायच्या आधी ही शिफ्टची ओळ उघडा. मी लोडसेल बदलून बसलो होतो.