एका फेरीत एकच नियम: फोटोच्या रचनेचा सराव

फोटोची रचना शिकताना बरेच विद्यार्थी एकाच फेरीत सगळे नियम लावून बघतात. मग घरी आल्यावर कुठला फोटो कशामुळे जमला, हे उमगत नाही. म्हणून एका फेरीला एकच नियम घ्या. फोनचा कॅमेरा पुरतो. सेटिंगमधून ग्रिड, म्हणजे पडद्याचे उभे-आडवे तीन-तीन भाग करणाऱ्या रेषा, चालू करा आणि झूमला हात लावू नका. विषय मोठा हवा असेल तर पुढे चालत जा. ३५ मिमी फिल्मच्या रोलवर साधारण ३६ फोटो निघायचे, तेवढीच मर्यादा स्वतःला घाला. बटण दाबण्याआधी नीट बघण्याची सवय त्यानेच लागते.

सुरुवात मरीन ड्राइव्हवर करा, सूर्यास्ताच्या तासभर आधी. ग्रिडच्या दोन आडव्या रेषांपैकी एकीवर क्षितिज बसवा. कुठल्या, ते आकाश बघून ठरवायचं. ढग रंगले असतील तर क्षितिज खालच्या रेषेवर, म्हणजे आकाशाला तीनपैकी दोन भाग मिळतात. मे महिन्यातलं पांढुरकं, सपाट आकाश असेल तर क्षितिज वरच्या रेषेवर. समुद्राची रेषा किंचित कलली तरी डोळ्यांना खुपते, म्हणून ती ग्रिडशी समांतर आहे ना हे दरवेळी तपासा. डावीकडून उजवीकडे चालणारा माणूस डाव्या उभ्या रेषेजवळ हवा. त्याच्यासमोर जागा उरली नाही तर तो फ्रेमच्या कडेला आपटणार असं वाटतं.

पुढच्या फेरीत तिथलाच कठडा रेष म्हणून वापरा. खाली वाकून तो फ्रेमच्या कोपऱ्याजवळून आत येऊ द्या. पण वळत गेलेली ती रेष कशापाशी तरी पोचली पाहिजे: बसलेलं जोडपं, एखादी इमारत, काहीही. ती रिकाम्या जागी संपली तर नजर तिथून बाहेर निघून जाते. पावसाळ्यात भरतीचे तुषार लेन्सवर बसून फोटो धुरकट येतात. कोरड्या कापडाने घासू नका, मिठाच्या कणांनी चरे पडतात; आधी ओलसर, मग कोरडं कापड फिरवा.

सममितीसाठी फोर्टमधला टाउन हॉल घ्या, एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय आहे तो. दर्शनी बाजू पश्चिमेला असल्याने प्रकाश दुपारनंतर मिळतो. पायऱ्यांच्या बरोबर मधोमध उभे राहा. पाऊलभर सरकलात तरी दोन्ही बाजू जुळत नाहीत. फोन वर कलवला की खांब आत झुकलेले दिसतात, कारण फोन खांबांशी समांतर राहत नाही. मागे सरका, फोन ताठ धरा आणि खालचा जास्तीचा रस्ता नंतर कापून टाका. समोरच्या हॉर्निमन सर्कलच्या कमानींतून चौकटीतल्या चौकटीचा सराव होतो. तिथे प्रकाशातल्या माणसावर बोट टेकवून उजेड ठरवा, म्हणजे कमान काळी राहते आणि चौकट ठसठशीत दिसते.

या सगळ्यांपेक्षा जास्त वेळ मात्र कडांना द्या. मुंबईत वायर, होर्डिंग, अर्धवट कापलेल्या स्कूटर फ्रेममध्ये शिरणारच. आपले दोन डोळे जवळचं आणि लांबचं वेगळं करतात. फोटोत ते एकाच पातळीवर येतं, म्हणून डोक्यातून दिव्याचा खांब उगवतो. क्लिक करण्याआधी नजर चारही कडांवरून एकदा फिरवा. बहुतेक वेळा अर्धं पाऊल बाजूला सरकणं किंवा गुडघे वाकवणं पुरतं. दादरच्या फूलबाजारात हे सगळ्यात कठीण, कारण डोकी एकमेकांवर चढतात. तिथे फोन हात उंचावून धरा, म्हणजे टोपल्या, विक्रेते आणि मागची गर्दी असे तीन थर सुटे होतात. जवळून चेहरा घ्यायचा असेल तर आधी विचारा, आणि पहाटेच्या खरेदीच्या घाईत कुणाची वाट अडवू नका.

घरी ३६ फोटो गॅलरीत अगदी लहान करून बघा. नखाएवढ्या आकारात तपशील दिसत नाही, फक्त मांडणी दिसते. त्यातले तीन निवडा, कृष्णधवल करा आणि रंग गेल्यावरही नजर विषयावरच जाते का ते पाहा. जात नसेल तर पुढच्या आठवड्यात त्याच जागी, त्याच वेळी, तोच नियम पुन्हा.