एसएमटी लाइनवर लीन आणण्याआधीची तयारी

एसएमटी म्हणजे सर्किट बोर्डावर बारीक पार्ट बसवून सोल्डर करणारी लाइन; लीन म्हणजे लहान लॉट आणि कमी साठा. फाइव्ह-एस (जागेची शिस्तशीर मांडणी), जमिनीवरचे पट्टे, ईएसडीची (स्थिर विजेची) तपासणी यावर शाई घालवत नाही. ते सगळ्यांना येतं, निदान फोटोपुरतं तरी.

आधी चेंजओव्हर, म्हणजे एका जॉबवरून दुसऱ्यावर जाणं. लॉट लहान केलात की जॉब दिवसातून तीन-चारदा बदलणार. प्रत्येक वेळी मशीन थांबवून फीडर (रिळातले पार्ट मशीनला पुरवणारे) भरत बसायचं असेल, तर लॉट लहान करूच नका. जपानी उत्पादन-तज्ज्ञ शिगेओ शिंगोंची पद्धत साधी आहे: चालू मशीनवर जे उरकता येतं ते आधीच उरकायचं. पुढच्या जॉबचे फीडर ट्रॉलीवर भरलेले, स्टेन्सिल (बोर्डावर पेस्ट उमटवायचा छिद्रांचा पत्रा) धुतलेली, सोल्डर पेस्ट काही तास आधी फ्रीजबाहेर. थंड डबा उघडू नका, पेस्टवर ओल धरते. यासाठी जास्तीचे फीडर लागतात. मालकाशी पैशांचं आत्ताच बोला.

आता उघडलेल्या रिळांचे तास. पाकीट फोडलं की आतले आयसी हवेतली ओल शोषू लागतात. गेल्या खेपेला आमच्या यादीत हेच नव्हतं. मोठ्या लॉटमध्ये पाकीट फोडलं की आयसी एका दमात संपायचे. लॉट लहान झाले आणि तेच रीळ सोमवारी चढलं, दुपारी उतरलं, बुधवारी पुन्हा चढलं. मधले तास कोणी मोजले? एमएसएल (पार्ट किती लवकर ओल धरतो याची पातळी) 3 च्या पार्टला पाकीट फोडल्यापासून 168 तास मिळतात, तेही 30 अंश आणि 60 टक्के आर्द्रतेच्या आत. 5ए असेल तर 24 तासच. भोसरीत जुलैत एसी बंद पडला की हा हिशोबही खोटा. तास एकत्र मोजायचे, दर वेळी शून्यापासून नाही! रिळावर लेबल हवं: कधी फोडलं, कधी उतरवलं, किती तास उरले. उतरवलं की सरळ ड्राय कॅबिनेटमध्ये. ‘उद्या लागणारच आहे’ म्हणून फीडरवर ठेवायचं नाही.

आत मुरलेल्या पाण्याची रिफ्लोमध्ये (सोल्डर वितळवणाऱ्या भट्टीत) वाफ होते आणि पॅकेज आतून फाटतं. एओआयला (कॅमेऱ्याने बोर्ड तपासणाऱ्या मशीनला) बहुतेकदा काही दिसत नाही. बोर्ड गिऱ्हाइकाकडे जाऊन मान टाकतो. बेकिंग करू (तापवून ओल घालवू) म्हणाल, तर साधं प्लास्टिकचं रीळ 125 अंश सोसत नाही आणि 40 अंशांवर दिवसच्या दिवस जातात. लेबल लावा.

कानबान (संपेल तसा माल मागवायची पद्धत) रेझिस्टर, कपॅसिटर, स्क्रू यांना खुशाल लावा, दोन डब्यांची पद्धत पुरते. महिनोन्‌महिने वाट पाहायला लावणाऱ्या आयातीच्या आयसींना नाही. 2011 च्या भूकंपानंतर खुद्द टोयोटाने पुरवठादारांना चिपचा काही महिन्यांचा साठा ठेवायला लावला. स्टोअर रिकामं दिसलं की खूश होणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

सकाळची मीटिंग दहा मिनिटं, उभ्याने. अँडॉन दिवा (लाइनवर अडचण आली की पेटवायचा) लावताय तर लाइन थांबवणाऱ्यावर ओरडू नका. बाकीचे तक्ते नंतर. रात्रपाळीला लेबलचं वेगळं शिकवा, आणि ड्राय कॅबिनेटला पेन दोरीने बांधून ठेवा. सुटा ठेवलात तर आठवड्यात गायब.