उन्हात सराव करताय? भरतीच्या पोरांनो, या चुका टाळा

विदर्भात पोलीस भरतीची जाहिरात निघाली की मैदानं भरतात. मग ऊन ४४ अंशांवर असो की ४६ वर, पोरं पळत सुटतात. शरीर उन्हाला सरावतं आणि कमी खाण्यालाही सरावतं, पण दोन्हींना वेळ लागतो. तो वेळ कुणालाच द्यायचा नसतो, आणि पोरांचा सराव घेताना दर उन्हाळ्यात त्याच त्या चुका बघून माझा जीव कळवळतो.

पहिल्याच दिवशी पूर्ण ताकदीने पळणं

सगळ्यात घातक चूक हीच. एका मे महिन्यात पुण्यात कंपनीत काम करणारा एक मुलगा गावी आला आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी नऊच्या उन्हात एका खासगी अकादमीच्या पोरांबरोबर १६०० मीटरच्या फेऱ्या मारायला लागला. तिथल्या प्रशिक्षकाने तो नवा आहे की जुना, एवढंही विचारलं नाही. तिसऱ्या फेरीत त्याचे पाय वाकडेतिकडे पडायला लागले. थांब म्हटलं तर शिव्या द्यायला लागला, मग असंबद्ध बरळायला लागला आणि खाली बसला. भोवतालची पोरं म्हणाली, "अंगाला घाम आहे ना, मग ऊन नाही लागलं त्याला." कुणीतरी तोंडात पाणी ओतायला धावलं.

पळताना होणाऱ्या उष्माघातात अंग घामाने निथळत असू शकतं. बघायचं ते डोकं ठिकाणावर आहे का हे. माणूस भ्रमिष्टासारखा वागतोय, म्हणजे आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलंय असं धरून चालायचं. शुद्ध हरपत असलेल्याच्या तोंडात पाणी ओतलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. आम्ही त्याला उचलून शेजारच्या गुरांच्या सिमेंटच्या टाक्यात गळ्यापर्यंत बसवलं, दोघांनी डोकं वर धरून ठेवलं, एक जण बर्फ आणायला पळाला आणि एकाने १०८ ला फोन लावला. आधी थंड करा, मग दवाखान्यात हलवा. गाडीची वाट बघत सावलीत निजवून ठेवण्यात जी मिनिटं जातात, त्यातच मेंदू, यकृत आणि मूत्रपिंडं होरपळतात. मुलगा वाचला, पण मूत्रपिंडं सुधारेपर्यंत दवाखान्यातच होता, आणि ती भरती गेली.

उन्हाची सवय लागते ती अशी: पहिल्या चार-पाच दिवसांत रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, त्यामुळे कातडीकडे आणि स्नायूंकडे एकाच वेळी रक्त पाठवताना हृदयाची दमछाक कमी होते. मग घाम लवकर सुटायला लागतो, जास्त येतो आणि त्यातून मीठ कमी जातं. सुरुवातीला काळ्या टी-शर्टवर पाठीला मिठाचे पांढरे पट्टे उमटतात, ते पुढे फिके होत जातात. मला घड्याळापेक्षा त्या पट्ट्यांवर जास्त भरवसा आहे. हे सगळं जुळून यायला १० ते १४ दिवस लागतात, कुणाचाही धाक दाखवून ते चार दिवसांत होत नाही. माझ्याकडे नवा मुलगा आला की पहिले चार दिवस फक्त चालणं आणि हलकी धाव, तीही वीस मिनिटं. मग थोडं थोडं वाढवायचं. पूर्ण वेग दोन आठवड्यांनंतर. अकरा ते चार मैदान बंद, यावर माझ्याकडे चर्चा होत नाही.

आठ-दहा दिवस खंड पडला की ही सवय उतरायला लागते. लग्नाला जाऊन आलेल्याने परत खालूनच सुरुवात करायची.

उन्हाच्या सरावातच जेवण तोडणं

"सर, वजन उतरवतोय, रात्रीचं जेवण बंद केलंय." हे वाक्य ऐकलं की मी त्याला त्या दिवशी पळू देत नाही. तीन दिवसांत दोन किलो उतरले म्हणून पोरं खूश होतात. स्नायू आणि यकृतातली साखर साठवताना प्रत्येक ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी साठतं, साखर संपली की तेही जातं. उतरलं ते बहुतेक पाणी, चरबी नव्हे. नेमकं जे पाणी उन्हात हवं, तेच घालवून पोरगा मैदानात उतरतो.

उपासमारीला शरीर सरावतं ते खर्च कापून. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने निम्म्याच्या आसपास अन्नावर ठेवलं होतं. वजन चौथाईने घटलं, बसल्याजागीचा ऊर्जेचा खर्च सुमारे ४० टक्क्यांनी पडला, नाडी मंदावली. ऐन उन्हाळ्यात त्यांना थंडी वाजायची, आणि डोक्यात दिवसभर जेवणाचेच विचार असायचे. असं कापत चाललेलं शरीर रक्तातलं पाणी वाढवणार कशाच्या जोरावर? त्यासाठी मीठ लागतं, प्रथिनं लागतात. म्हणून माझा क्रम ठरलेला: आधी उन्हाची सवय, नंतर वजन, तेही आठवड्याला अर्धा किलोच्या वर नाही. सकाळी पळून आल्यावर भाकरी, घट्ट वरण, मोड आलेली मटकी आणि मीठ घातलेलं ताक. पावडरचे डबे नंतर बघू.

मुलींनो, सराव सुरू झाल्यावर पाळी चुकायला लागली तर ते पळण्याच्या मानाने खाणं कमी पडत असल्याचं लक्षण असू शकतं. लपवू नका, डॉक्टरांना दाखवा आणि ताट वाढवा.

बाकीच्या चुका

ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. ती ग्लासभर पाण्यात ढवळून पिणारे रोज दिसतात. इतकं दाट पाणी आतड्यात उलट पाणी ओढून घेतं आणि जुलाब होतात. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचाच.

तासन् तास नुसतं साधं पाणी ढोसत राहणंही बरं नाही, रक्तातलं मीठ पातळ होतं.

घाम काढून वजन उतरवायला रेनकोट घालून पळणं: असा कुणी दिसला की मैदानातून बाहेर काढतो.

खिशात कांदा ठेवा हवं तर, पण त्याच्या भरवशावर दुपारी पळू नका.

सवय लागावी म्हणून कुलर बंद करून झोपू नका. झोप मोडलेल्या माणसाला ऊन लवकर लागतं.

ताप किंवा जुलाब येऊन गेले असतील तर अंगात पुरती ताकद येईपर्यंत सुट्टी. सर्दीच्या काही गोळ्यांनी घाम कमी होतो, त्यामुळे गोळी घेतली असेल तर पळण्याआधी मला सांगा.