गिलाव्याच्या थापीची दुरुस्ती आणि निगा

थापीमध्ये सर्वांत आधी दगा देते ती मूठ. पाते त्यानंतरही बरीच वर्षे काम देऊ शकते. गिलावा मारताना मनगटाच्या प्रत्येक झटक्याचा ताण मुठीत बसवलेल्या सळईवर येतो. त्यातच लाकूड पाणी पिऊन फुगते व उन्हात वाळून आकसते, त्यामुळे भोक हळूहळू मोठे होते आणि मूठ खुळखुळू लागते. अशी थापी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवणे हा उपाय नव्हे. सकाळी मूठ घट्ट लागते हे खरे, परंतु फुगलेल्या लाकडाचे तंतू सळईवर दाबून चेपले जातात आणि वाळल्यावर मूठ पूर्वीपेक्षाही सैल होते.

योग्य दुरुस्तीसाठी मूठ ओढून काढावी, भोकातील भुसा व गंजाची पूड झटकावी, सळई उजळ दिसेपर्यंत पॉलिश पेपरने घासावी आणि मूठ सावलीत पूर्ण वाळू द्यावी. भोक थोडेच सैल असल्यास अराल्डाइटसारखे दोन भाग मिसळून लावायचे इपॉक्सी चिकटद्रव्य पुरते. जास्त वाढले असल्यास इपॉक्सीसोबत सुक्या सागवानाची पातळ चीप बसवावी. सळई आत घातल्यावर पाते वर धरून मुठीचे बूड लाकडी ठोकळ्यावर आपटावे. पात्यावर हातोडी मारल्यास मान, म्हणजे पाते व मूठ यांना जोडणारा भाग, वाकते आणि मग बोटांचे सांधे भिंतीला घासू लागतात. इपॉक्सी पूर्ण पक्के होण्यास साधारण 24 तास द्यावेत.

मूठ चिरली असल्यास बाभळीची किंवा शिसवीची नवी करावी. सळईचे टोक तापवून ते भोकात जाळत बसवण्याची जुनी रीत चांगली आहे, मात्र मानेवर ओले फडके गुंडाळूनच ती वापरावी. पाते निळसर दिसू लागले तर पोलादाचे पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरले असे समजावे. नव्या मुठीला जवसाचे तेल पातळ चोळावे आणि तेलाचे फडके बोळा करून न टाकता पसरून वाळवावे, कारण ते आपोआप पेट घेऊ शकते.

पात्याची एक कड सहसा दुसरीपेक्षा जास्त झिजलेली असते. ती झीज वापरणाऱ्याच्या हाताप्रमाणे पडलेली असल्याने कानशीने दोन्ही कडा सारख्या करण्याचा मोह टाळावा. केवळ बोटाला लागणारी धार आणि टोकावरचे खरखरीत दाते मोडावेत. चिकटलेले सिमेंट विटेच्या तुकड्याने घासून निघते. संडास साफ करण्याचे ॲसिड कधीही वापरू नये, कारण ते पोलादावर खड्डे पाडते.

ओल्या सिमेंटमध्ये पोलाद सहसा गंजत नाही, कारण ते मिश्रण अल्कधर्मी असते. गंज चढतो तो धुऊन ओलीच ठेवलेल्या थापीवर, आणि कोकणातल्या खाऱ्या हवेत तर फारच लवकर. साध्या सिमेंटला घट्ट होण्यास सुरुवात होण्यासाठी किमान 30 मिनिटे लागतात, त्यामुळे चहाला उठतानाही थापी धुणे सोयीचे ठरते. काम संपल्यावर ती कोरडी पुसून, मान व पाते जिथे जोडले आहेत त्या खाचेत मशीन ऑइलचा थेंब सोडावा आणि खिळ्याला टांगून ठेवावी.